माळवदाची माती

आमच्या भागात गावाच्या जमिनीचे दोन रंग मानतात. जी पिकते ती काळी आणि जिच्यावर माणसं राहतात ती पांढरी. 'पांढरीत राहणं' म्हणजे गावात राहणं. जुन्या कागदपत्रांतही वस्तीला पांढरी आणि रानाला काळी असंच म्हटलेलं सापडतं. शहरातल्या वाचकाला हा नुसता शब्दांचा खेळ वाटेल, पण ती माती खरोखरच पांढरट असते. शेकडो वर्षं एकाच जागी माणसांनी चुली पेटवल्या, राख टाकली, जनावरं बांधली, मातीच्या भिंती पाडल्या आणि त्याच मातीवर पुन्हा उभ्या केल्या. त्या सगळ्याचा मिळून जो थर होतो ती पांढरी. गाव जितकं जुनं तितकं त्याचं टेकाड उंच. धाराशिव जिल्ह्यातलं तेर हे त्यातलं सगळ्यांत नावाजलेलं गाव. पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्यांच्या माहितीपुस्तकात पैठणच्या जोडीनं ज्या तगर शहराचा उल्लेख आहे, ते हेच. तिथल्या पांढरीत सापडलेले मणी, मातीच्या बाहुल्या, हस्तिदंताची बाई हे सगळं रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहामुळं आज गावातल्याच संग्रहालयात बघायला मिळतं.

पण मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला पांढरीच्या मातीची गरज इतिहासासाठी नव्हती. त्याला ती डोक्यावर घ्यायला हवी होती.

काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात रानातल्या भेगेत कोपरापर्यंत हात जातो. अशी माती छतावर टाकली तर पहिल्याच पावसाला घरात धार लागणार. पांढरीची माती तशी फुगत नाही. चोपली की दबते, पाणी वरच्या वर वाहून जाऊ देते, आणि राखेमुळं तिच्यात गवतही कमी उगवतं. म्हणून लातूर, धाराशिव, सोलापूर, बीड या पट्ट्यात घरांना कौलं नव्हती, गवताची छपरं गरिबाची किंवा रानातल्या कोठ्याची. गावातलं घर म्हटलं की माळवद. खानदेशात आणि वऱ्हाडात याच जातीच्या घराला धाब्याचं घर म्हणतात.

माळवदाची बांधणी अशी. आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर किलचण म्हणजे पट्ट्या किंवा फाटे दाटीनं मांडलेले. त्यावर कडुनिंबाचा पाला, वाळवी लागू नये म्हणून. पाल्यावर तुराट्या, पळाट्या. आणि त्यावर माती. सुरुवातीला वीतभर, दीड वीत. चार खांबांच्या मधल्या जागेला खण म्हणायचं. घर किती मोठं ते खणांवर सांगायचं. भिंती दगडाच्या, दोन-अडीच फूट रुंद, मातीत रचलेल्या. खिडक्या जवळजवळ नाहीतच. उजेडाला माळवदातच हातभर रुंदीचं भोक ठेवलेलं असायचं, त्याला साणं म्हणायचे. चुलीचा धूर त्यातूनच वर जायचा. दुपारी साण्यातून पडलेला उन्हाचा कवडसा जमिनीवर सरकत जायचा आणि माझी आजी त्याच्यावर वेळ सांगायची. कवडसा उखळापाशी आला की रानातल्या माणसांची भाकरी निघायची.

हे घर म्हणजे एक यंत्रच होतं, विजेशिवाय चालणारं. मे महिन्यात बाहेर पारा 42-43 वर असताना आतल्या खोलीत गेलं की अंगावर गार पाण्याचा हात फिरवल्यासारखं वाटायचं. माती उष्णता हळूहळू आत सोडते. फूट-दीड फूट माती असेल तर दुपारचं ऊन खालच्या बाजूला पोचायला दहा-बारा तास लागतात. म्हणजे दुपारची आग घरात पोचायची मध्यरात्री. तोवर घरातली माणसं बाजा-घोंगड्या घेऊन माळवदावर किंवा अंगणात झोपायला गेलेली असायची. हिवाळ्यात हाच हिशेब उलटा उपयोगी पडायचा. दिवसभराचं ऊन छतात साठायचं आणि रात्री बाहेर थंडी पडली की वरून मायेची ऊब यायची. साण्यावर फरशीचा तुकडा सरकवला, चुलीत दोन गोवऱ्या पुरून ठेवल्या की काम झालं. बाळंतिणीच्या खोलीत तेवढी शेगडी.

पण यंत्र म्हटलं की देखभाल आली. आमच्या घरी ती वर्षभर चालायची.

होळी झाली की आजा माळवदावर चढायचा. पावसाळ्यात उगवलेली हराळी तोवर वाळलेली असायची, ती मुळासकट उपटायची. उंदरांची बिळं शोधून ठेचायची. मग खाली येऊन प्रत्येक तुळईवर पहारीचं टोक ठोकून बघायचा. टण्ण आवाज आला तर लाकूड निरोगी, बद्द आवाज आला तर आत वाळवी. हे झालं की खरवडणं. खोऱ्यानं वरची दोन बोटं माती सरसकट काढायची, कारण वर्षभर पाण्यानं धुतलेली ती माती मेलेली असते, तिच्यात चिकटपणा उरत नाही. काढलेली माती परसात टाकायची, नाहीतर रानात. मग नवी माती. गावात जुनी गढी होती, तिचे बुरूज ढासळलेले. सगळं गाव गढीची माती आणायचं. गाढवंवाले येऊन राहायचे, गोण्या भरून खेपा टाकायचे, मजुरी ज्वारीत ठरायची. गढी दर वर्षी थोडी बुटकी व्हायची आणि गावातली घरं थोडी उंच. गोण्या ओतताना कधी बांगडीचा तुकडा, कधी मणी, एखादं झिजलेलं तांब्याचं नाणं निघायचं. पोरं ते खेळायला घ्यायची. आजी नाणं तेवढं देवघरात ठेवायची.

नवी माती चाळून, भुसकट मिसळून, पाणी मारून दोन दिवस मुरू द्यायची. मग पसरायची आणि चोपण्यानं चोपायची. चोपणं म्हणजे बाकदार दांड्याची लाकडी फळी. बाया ओळीनं बसून माळवद चोपायच्या, त्याचा आवाज रोहिणी नक्षत्र लागायच्या आधी गावभर चालू असायचा. शेवटी आजा तांब्याभर पाणी एका कोपऱ्यात ओतायचा आणि उकिडवा बसून बघायचा. पाणी न थबकता पन्हळापर्यंत गेलं तर उतार बरोबर. मध्येच थांबलं तर तिथं पुन्हा माती. मृगाच्या आत हे संपायलाच हवं असा दंडक होता. एकदा पाऊस लागला की कोवळ्या माळवदावर पाय द्यायची कुणाला परवानगी नसे. श्रावणात झड लागली आणि कुठं गळायला लागलं, तर खालून एकानं काठीनं किलचणीवर ठोकायचं, वरच्यानं त्या आवाजाच्या जागी राख आणि बारीक माती दाबायची.

(एक गंमत सांगून ठेवतो. आमच्या आळीतली सगळी माळवदं एकाला एक लागून होती. खालच्या वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत जमिनीला पाय न लावता जाता यायचं. भावकीतली भांडणं खाली चालायची आणि बायकांचं उसनंपासनं वरून.)

या सगळ्यात खरवडणं हे सगळ्यांत जड काम. आजा म्हणायचा, "माळवद म्हंजी घराचं डोस्कं. डोस्क्यावर किती वझं घ्यायचं ते मानंला इचारावं." जेवढी टाकायची तेवढी आधी काढायची, हा त्याचा नेम होता. 1972 च्या दुष्काळापर्यंत तो नेम आमच्या घरी चालला. त्या साली माळवदाला कुणी हात लावला नाही, पाऊसच नव्हता आणि घरातली धडधाकट माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली. पुढं दोन वर्षांनी आजा गेला आणि वडील-चुलत्यांची वाटणी झाली. वाड्यात मधोमध भिंत आली. माळवद वरून एकच राहिलं, पण कुणाच्या खणावरची माती कुणी काढायची यावर एकमत होईना. खरवडायला चार माणसं लागतात, टाकायला दोन पुरतात. तेव्हापासून टाकणं तेवढं राहिलं. बोटभर माती दर साली. निम्मी पन्हळातून वाहून जाई, निम्मी राही. आसपासच्या गावांतही मी तेच बघत होतो. गळायला लागलं की माती टाका, तापायला लागलं की माती टाका. शिवाय जाड माळवद हे खात्यापित्या घराचं लक्षण मानलं जायचं. सोयरीक बघायला आलेली माणसं आधी तुळयांची जाडी बघायची आणि मग माळवदाची.

थोडा हिशेब करून बघू. दहा फूट बाय बारा फुटांची एक खोली. वर दीड फूट माती. म्हणजे 180 घनफूट. वाळलेली, चोपलेली माती घनफुटाला 40 ते 45 किलो भरते. एका खोलीवर सात-आठ टन. एक भरलेला ट्रक. आणि दीड फूट ही काही फार जाड म्हणायची नाही. पावसाळ्याच्या शेवटी तीच माती पाणी पिऊन आणखी जड झालेली असते.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट ही पावसाळ्याच्या शेवटचीच. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं उशिरा झोपलेली. 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली.

रिश्टर मापानं तो भूकंप जगात फार मोठ्यांत मोजण्यासारखा नव्हता, सहाच्या थोडा वर. तेवढ्या धक्क्यात इतर देशांत मोजकी माणसं दगावल्याची उदाहरणं आहेत. इथं सरकारी आकड्यानुसार जवळजवळ आठ हजार माणसं गेली, लोक दहा हजार म्हणतात. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद मिळून 52 गावं पुरती उठवून दुसरीकडं वसवावी लागली. त्या वेळच्या नकाशात हा भाग भूकंपाच्या सगळ्यांत कमी धोक्याच्या, पहिल्या पट्ट्यात होता. दख्खनचं पठार म्हणजे पाषाण, ते कशाला हलेल, असंच शिकलेले लोकही मानत. खरं तर आदल्या वर्षी, 1992 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारीला लहान धक्के बसत होते. तेव्हा माणसं काही रात्री बाहेर झोपली, मग पाऊस, थंडी, जनावरं, धान्य यांच्या काळजीनं पुन्हा आत गेली.

माणसं भूकंपानं मेली असं म्हणतात. जवळून बघितलेल्यांनी वेगळं सांगितलं. भिंत दोन-अडीच फुटांची असली तरी ती खरं म्हणजे दोन भिंती होत्या. बाहेरची घडीव दगडांची, आतली तशीच, आणि मध्ये चिपा-माती. या अंगापासून त्या अंगापर्यंत पोचणारा लांब दगड गवंड्यानं क्वचितच बसवलेला. धक्का बसला तशा दोन्ही बाजू सुटल्या आणि दगड आत-बाहेर कोसळले. जिथं छताचं वजन भिंतीवर होतं तिथं ते दगडांच्या पाठोपाठ खाली आलं. काही घरांत खांब उभे राहिले, माळवद वर तसंच, आणि खाली भिंतींचा ढीग. पण खांब आणि तुळई नुसती एकावर एक टेकवलेली असत. एकीकडं डोक्यावर आठ टन आणि खाली पाय असे मोकळे. दगडाखालच्या माणसाला फटीतून श्वास मिळतो. मातीखालच्याला मिळत नाही.

माझी थोरली मावशी सास्तूरजवळच्या एका गावात दिलेली होती. त्या उन्हाळ्यात मी तिच्याकडं गेलो तेव्हा माळवदाचंच काम चालू होतं. "पांढरीची आणलीय बग, शंबर गाढवं," ती कौतुकानं म्हणाली. "दोन सालं झाली गळायलंय, आन् उन्हाळ्यात लेकरं आत झोपंनात. औंदा जरा जाडच घ्यावं म्हणलं." दुपारी आम्ही त्याच माळवदाखाली गारव्याला जेवलो. मावशी, तिची सून आणि दोन नातवंडं त्याच खोलीत गेली. मावसभाऊ गणपती बोळवून तसाच रानात राखणीला गेला होता, तो राहिला.

आमच्या गावात माणूस दगावलं नाही. भिंतींना हात जाईल अशा फटी पडल्या, गढीचा उरलेला बुरूज बसला. नंतर सरकारनं मोडलेल्या गावांसाठी नवी घरं बांधायचं आणि उभ्या राहिलेल्या घरांना बळकटी द्यायचं असं दुहेरी काम काढलं, त्याला जागतिक बँकेचं कर्ज होतं. बळकटीच्या कामात इंजिनिअर लोक तीन-चार गोष्टी सांगायचे. भिंतीला आरपार भोकं पाडून त्यात लोखंडी सळई आणि काँक्रीट भरा, म्हणजे दोन्ही अंगं एकमेकांना धरतील. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरपी लाकडं ठोका. आणि माळवदावरची माती उतरवून थोडकी ठेवा. बाकीचं लोकांनी ऐकलं, मातीच्या बाबतीत मात्र म्हातारी माणसं कुरकुरायची. माती काढली तर तापणार, गळणार, मग राहायचं कसं? त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. ज्या मातीनं सात पिढ्या उन्हातान्हातून वाचवल्या, तीच घरातून काढायला सांगत होते.

आमचं माळवद 1994 च्या जानेवारीत उतरवलं. चुलत्यांनी आणि वडिलांनी वीस वर्षांत पहिल्यांदा एकत्र काम केलं. खोऱ्यानं सरळ काप घेतला तेव्हा मी पट्टी लावून मोजलं. तेवीस इंच. केक कापल्यावर दिसतात तसे थर दिसत होते. तळाशी काळपट, निंबाच्या पाल्याची राखुंडी. त्यावर वीतभर एकजीव, घट्ट, दगडासारखी माती, ती आजाची आणि त्याच्या बापाची. त्या साठ-सत्तर वर्षांत दर साली काढून दर साली टाकलेली, म्हणून तिच्यात थर दिसतच नव्हते. त्याच्या वर मात्र पातळ पातळ रेघा, एकावर एक, मध्ये हराळीच्या मुळांच्या तपकिरी जाळ्या. न खरवडता टाकलेली सालं. वडिलांनी बोटानं रेघा मोजायला सुरुवात केली आणि अकरा-बारापर्यंत जाऊन थांबले. एक नखाएवढा खापराचा तुकडा निघाला, चकचकीत काळा. तो मी ठेवून घेतला.

त्यानंतरच्या तीस वर्षांत माळवद या भागातून जवळजवळ गेलंच. आधी पत्रे आले. पत्रा हलका, पडला तरी माणूस वाचतं, पण मे महिन्यात पत्र्याखाली बसणं म्हणजे तव्याखाली बसणं. लोक पत्र्यावर कडबा, पाचट टाकायला लागले, त्याच्या आगी लागल्या. मग स्लॅब. स्लॅब चार-पाच इंचाचा, दुपारचं ऊन संध्याकाळीच खोलीत उतरवतो आणि रात्रभर पंख्याखाली गरम वारा फिरतो. म्हणून कूलर. आता होळी झाली की घरोघर माळवद चोपल्याचा आवाज येत नाही, कूलरच्या पंपाची घरघर येते. गेल्या वर्षीचं गवत काढा, टाकीतला गाळ खरवडा, जाळीवरचा क्षार घासा, नवं गवत भरा. देखभालीचा महिना तोच राहिला. फरक एवढाच की कूलरला पाणी लागतं, दिवसाला चार-पाच घागरी सहज, आणि हा मुलूख पाण्याचा नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात आमच्या लातूरच्या नातेवाइकांच्या खिडकीत कूलर होते, पण कोरडे. प्यायला घागर मोजून मिळत असताना कूलरच्या टाकीत कोण ओतणार? बायका ओलं फडकं लेकराच्या अंगावर टाकून बसायच्या. जुन्या घराला गार राहायला पाण्याचा थेंब लागत नव्हता, हे त्या वर्षी म्हातारी माणसं पुन्हा पुन्हा बोलून दाखवत होती, आणि बोलून झाल्यावर गप्प बसत होती.

शहरातून येणारे काही तरुण आर्किटेक्ट आता मातीच्या घरांचं कौतुक करतात. मला ते आवडतं, पण त्यांनी खांबाच्या आणि तुळईच्या सांध्याचाही तेवढाच अभ्यास करावा असं वाटतं. पातळ माती, धरून ठेवणारी भिंत, बांधलेला सांधा असं घर होऊ शकतं. भूकंपानंतर बळकटी दिलेली अशी काही घरं मी बघितली आहेत, अजून माणसं राहतात त्यांत. तिथं उन्हाळ्यात अजूनही बरं वाटतं.

मावसभाऊ पाच वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये राहिला. सरकारनं दिलेलं घर तयार होतं, पण छत म्हटलं की त्याला झोप यायची नाही. नंतर दुसरं लग्न झालं, लेकरं झाली, तेव्हा तो स्लॅबखाली आला. दर पाडव्याला तो स्लॅबवर चुना मारतो, दोन हात, डिंक घालून, म्हणजे ऊन परतून जातं आणि खोली जरा निवते. मागच्या उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा तो वरच होता. आधी झाडू मारत होता. पिंपळाचं एक रोप फटीत आलं होतं, ते त्यानं मुळासकट काढलं. सुनेनं हौसेनं वर नेऊन ठेवलेल्या तुळशीच्या दोन कुंड्या त्यानं आधीच खाली आणल्या होत्या. वावटळीनं आलेली धूळ कोपऱ्यात ओंजळभर साचली होती, ती त्यानं सुपलीत भरली आणि कठड्यावरून खाली टाकली. मग चुन्याच्या बादलीत कुंचा बुडवला.